अठ्ठावन्न टिपा

शेवटची रेस रविवारी झाली. आज मंगळवार.
पंखा दोनवर ठेवून वही उघडली आहे,
पानं उडू नयेत म्हणून वर अडकित्ता.
अठ्ठावन्न टिपा. सगळ्या कैतान फुर्तादोच्या.
प्रत्येकीवर दोनशे, विनवर, कमी नाही जास्त नाही,
कारण चौतीस वर्षं मी ऑडिटमध्ये काढली
आणि लहर नावाचा खर्च मला कधीच पास करता आला नाही.

लावले, अकरा हजार सहाशे.
आले, अकरा हजार दोनशे चाळीस.
तूट तीनशे साठ.
एवढ्यात माझ्या मेव्हण्याचं एक जेवण होत नाही,
असं म्हणून पेन्सिल खाली ठेवतो
आणि परत उचलतो.
रेसबुकं राहिली. आत जायचं तिकीट. चहा.
सात रस्त्यापासून टॅक्सी, फक्त जाताना.
येताना मी चालतच आलो,
जिंकलो त्या दिवशीसुद्धा.
का, ते लिहायला रकाना नाही.
बावीस दिवसांचे दोन हजार आठशे साठ.

आता टिपा बोलतात कशा ते पाहू.
कैतान जेव्हा म्हणाला, ‘शंभर टक्के, डोळे मिटून लाव’,
अशा चौदा. आली एक,
तीही नाकभर, फोटो बघून.
आणि जेव्हा कपातला पाव ढवळत म्हणाला,
‘बघ बाबा, माझं मन लागत नाही’,
अशा बारा. त्यातल्या सहा आल्या.
उरलेल्या बत्तिसांत तो काहीच बोलला नव्हता,
नुसता घोड्याचा नंबर, आणि गुडघा दाबत बसणं.

तो गुडघा डावा. चारशेच्या खांबापाशी गेला,
मी तेव्हा नोकरीला लागलोही नव्हतो.
तेव्हापासून कैतान कुंपणाच्या आत येत नाही.
पहाटे घोडे फिरवणारी पोरं साडेसहाला चहाला येतात,
त्यांच्या बुटांवरची माती बघून तो टिप काढतो.
स्वतः रुपया लावत नाही.
म्हणतो, मी एकदाच लावलं, खानविलकर,
आणि भाव कुणी दिला नाही.

मग ती एकोणसाठावी.
नोव्हेंबर अखेरचा गुरुवार. घोडी सात नंबर, लेट अपॉलॉजी,
बाराचा भाव.
कैतान सकाळीच म्हणाला होता, वेडी आहे जरा,
बघ बाबा, मन लागत नाही.
तीन चाळीसला मी परळच्या बँकेत होतो,
हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा देत.
यंत्राला मी पटेना.
आजोबा, पुसून ठेवा. आजोबा, दुसरा ठेवा.
तिकडे ती वळणावर रेलिंगला चिकटून
सहा जणांच्या आतून निघाली म्हणे,
आणि इकडे मी जिवंत आहे असं पडद्यावर उमटलं
तोवर तिच्या पाठीवरचं खोगीरही उतरलं होतं.

चोवीसशे.
धरले, तर कैतानचा हंगाम दोन हजार चाळीस नफ्यात.
नाही धरले, तर मी आहे तिथेच.
पावती नाही ती रक्कम नाही,
हे मीच कितीजणांना ऐकवलं आहे,
एकदा तर एका विधवेला.
शेवटी समासात पेन्सिलीनं लिहिली, बारीक,
खोडता येईल अशी.

संध्याकाळी माझगावला गेलो. कैतान जिन्यावरच बसला होता.
‘काय बोलतं तुझं खातं?’
म्हटलं, ‘तीनशे साठ.’
‘वर की खाली?’
‘खाली.’
‘मग तसं काहीच नाही,’ तो म्हणाला,
आणि अर्धी बिडी मला दिली.
चौदापैकी एक, हे मी सांगितलं नाही.
माणूस एकदा शब्द मोजून बोलायला लागला
की त्याची टिप गेली.

‘जुलैत पुणं सुरू होतंय. येणार ना?
शंभर टक्के?’

‘बघू,’ मी म्हटलं. ‘मन लागत नाही.’

बारापैकी सहा.
पेन्सिलीतली धरली तर तेरापैकी सात.